तलावाच्या वरचे रान



भंडारा जिल्ह्यास तलावांचा जिल्हा म्हणतात, हे आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक असेल. या तलावांविषयी आजवर पुष्कळ बोलले गेले आहे. त्यांच्या पाळी किती लांब, त्यांखाली धान किती पिकते, ते बांधले कोणी, याची वर्णने जुन्या गॅझेटियरांतही सापडतात. परंतु या सर्व वर्णनांत पाहणाऱ्याचे तोंड पाळीवरून खाली, म्हणजे शेताकडे असते. मला आज आपणांस त्याच पाळीवर उभे करून तोंड उलट दिशेस, म्हणजे पाणी जिकडून येते तिकडे, वळवावयास लावायचे आहे. तलावाच्या वरच्या अंगास काय होते, ते कोणाच्या हाती होते, ते केव्हा व कसे गेले आणि त्यामुळे आज पाण्याची काय दशा झाली आहे, एवढाच माझ्या भाषणाचा विषय आहे.

या तलावांस सरकारी कागदांत ‘माजी मालगुजारी तलाव’ असे नाव आहे. त्यातील पहिली दोन अक्षरे घेऊन लोकांनी त्यांस ‘मामा तलाव’ केले. पुण्यामुंबईकडील पाहुणे हे नाव ऐकून ‘हे मामा कोणाचे?’ असे विचारतात! भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली व नागपूर या जिल्ह्यांत मिळून असे तलाव सहा हजारांहून अधिक आहेत. मराठी मुलुखात इतकी दाट तळी दुसरीकडे नाहीत. इकडे पाऊस चांगला पडतो, परंतु तो चार महिन्यांत पडून वाहून जातो. आणि धानाच्या पिकास तर शेवटच्या पाण्याची गरज पाऊस संपल्यावर लागते. ज्या वर्षी हस्ताचा पाऊस दगा देतो, त्या वर्षी ज्याच्या वरती तलाव आहे त्याचेच धान घरी येते. तलावांच्या मुळाशी ही साधी निकड आहे.

तलाव बांधण्याचे श्रेय मुख्यतः कोहळी समाजास दिले जाते आणि ते यथार्थच आहे. चांद्याच्या गोंड राजांनी त्यांना काशीकडून आणले अशी परंपरागत कथा आहे. जो कोणी रान मोडून तलाव बांधील, त्यास त्या तलावाच्या पाण्याखाली येईल तेवढी जमीन इनाम मिळेल, असे फर्मान राजा हीरशहाने काढल्याचेही सांगतात. कथेतील तपशील कसाही असो, त्यातील व्यवहार मोठा शहाणपणाचा होता. राजाने खजिन्यातून दमडी खर्चिली नाही. ज्याने श्रम केले त्यास जमीन मिळाली. आणि जमिनीचे माप काठीने न घेता पाण्याने घेतल्यामुळे, पाणी टिकले तर जमीन टिकली, असा धनाचा आणि पाण्याचा संबंध कायमचा जोडला गेला.

या बांधणीचा सर्वांत भव्य नमुना नवेगावबांध येथे आहे. हे गाव पूर्वी भंडारा जिल्ह्यात होते. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा ते तिकडे गेले. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने तो तलाव बांधला. सभोवार ज्या टेकड्या आहेत त्यांस ‘सात बहिणी’ म्हणतात. कोलू पाटलास पुढे लोकांनी देवत्व दिले आणि ‘कोलासूर देव’ म्हणून त्याचे ठाणे तलावासभोवारच्या टेकडीवर स्थापिले. देवाचे ठाणे खाली शेतात किंवा गावात झाले असते तरी कोणाची ना नव्हती. पण ते जेथून पाणी येते त्या टेकडीवर आहे, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. जेथे देव बसला तेथे कुऱ्हाड जपून चालते.

आता तलावाची रचना पाहू. दोन टेकड्यांच्या मधील खोलगट जागा हेरावयाची, तिचे खालचे तोंड मातीच्या पाळीने बंद करावयाचे, पाळीत पाणी सोडण्याकरिता तुडूम ठेवावयाचे, जादा पाणी निघून जाण्यास एका कडेस सांडवा काढावयाचा, अशी ही पद्धत. पाळीच्या खाली बांध्या, म्हणजे धानाची लहान लहान शेते. पाळीच्या वर पाणी. पाण्याच्या वर उथळ काठ, ज्यावर गवत, लव्हाळा आणि आपोआप उगवणारे देवधान. आणि त्याच्या वर टेकडीचे रान. येन, मोह, धावडा, पळस, बांबू, आणि ओढ्याच्या दोन्ही अंगांस अर्जुन, जांभूळ, करंज, उंबर. रान वर, पाणी मध्ये, शेत खाली, असा हा क्रम होता.

या क्रमाचा परिणाम काय होई? पावसाचे पाणी प्रथम रानात पडे. पानांवर, पाचोळ्यावर, मुळांच्या जाळ्यावर त्याचा जोर मोडे. ओढ्यातून येणारे पाणी थोडकी माती घेऊन येई. ते तलावात साठे, तुडुमातून बांधीत उतरे, आणि बांधीत घातलेले शेणखत वाहून गेले तरी खालीच जाई; तलावात परत चढत नसे. म्हणजे तलावात येणारे पाणी नेहमी रानातून आलेले असे, शेतातून आलेले नसे.

येथे मला अतिशयोक्ती टाळावयाची आहे. आपल्या पूर्वजांस सर्व शास्त्र ठाऊक होते असे सांगण्याची हल्ली एक रीत पडली आहे. ती मला रुचत नाही. कोहळी शेतकऱ्यास नत्र आणि स्फुरद यांची नावे ठाऊक नव्हती, आणि रान वर राहिले त्याचे एक कारण असेही आहे की टेकडीची जमीन मुरमाड व खडकाळ. तिच्यात धान होतच नाही. शिवाय पुष्कळ ठिकाणी एकाखाली एक असे तलावांचे साखळीबंद ओळीने बांधकाम आहे, आणि तेथे वरच्या तलावाखालील शेताचे पाणी खालच्या तलावात उतरते. तेथे माझा हा क्रम पूर्णपणे लागू पडत नाही. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. ज्याच्या शेताचे पोट तलावावर अवलंबून होते, त्यास तलाव गाळाने भरणे म्हणजे घर बुडणे होते. आणि वरचे रान तुटले की गाळ येतो, हे कळण्यास शाळेत जावे लागत नाही.

हे रान, पाणी व शेत तिन्ही एकाच्या हाती होती. गोंडांनंतर नागपूरकर भोसल्यांचे राज्य आले, ते १८५३ साली इंग्रजांनी खालसा केले, १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला, आणि १८६०च्या दशकातील जमाबंदीत गावच्या पाटलास मालगुजार, म्हणजे सरकारी सारा भरणारा मालक, ठरविण्यात आले. पूर्वी जो गावचा कारभारी होता तो आता गावचा धनी झाला. पडीक, रान, तलाव ही त्याची मालमत्ता बनली. रयतेस जळण, बांबू, चराई, पाणी यांचे जे हक्क होते त्यांस निस्तार म्हणत. ते हक्क व गावच्या रूढी ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या कागदात लिहिल्या जात. पाणी कोणास किती, पाळीच्या डागडुजीस कोणी किती दिवस यावे, रानातून काय न्यावे व काय नेऊ नये, हे त्यात नमूद असे.

मालगुजारी ही काही रामराज्य नव्हती. पाळीवर माती टाकण्यास जे हात लागत त्यांतील पुष्कळ हात वेठीचे असत. ढीवराने मासा धरला तर त्यातील वाटा वाड्यावर जाई. धनी चांगला असला तर गाव सुखी, धनी लोभी असला तर गाव नागवे. ती पद्धत गेली याचे दुःख करण्याचे कारण नाही. मात्र तिच्यात एक गुण होता. रान तोडणाऱ्यास रान तोडल्याचा तोटा स्वतःच्याच तलावात आणि स्वतःच्याच धानात दिसत असे.

१९५० साली मध्य प्रदेश विधानसभेने मालकी हक्क नाहीसे करण्याचा कायदा केला आणि ३१ मार्च १९५१ पासून तो अंमलात आला. न्यायाच्या दृष्टीने ते आवश्यकच होते. पण तिन्ही गोष्टींचा जो एक धनी होता तो गेल्यावर त्यांची वाटणी झाली. रान वनखात्याकडे गेले. तलाव पाटबंधारे खात्याकडे, आणि १९६२ साली जिल्हा परिषदा झाल्यावर त्यांतील लहान तलाव तिकडे गेले. शेत ज्याचे त्याच्या नावे सातबाऱ्यावर चढले. मासळीचा ठेका पुढे मच्छीमार सहकारी संस्थांस मिळू लागला. प्रत्येक खात्याने आपले दप्तर सांभाळले. त्यांस दोष देता येत नाही. परंतु रान आणि पाणी यांच्या मधला जो ओढ्याचा काठ, त्याची निगा कोणाच्याच कामात बसली नाही. वनखात्याची हद्द टेकडीशी संपे, पाटबंधाऱ्याचे लक्ष पाळीवर व तुडुमावर असे, आणि मधल्या उतारावर हळूहळू नांगर चढू लागला. जमीन थोडी, खाणारी तोंडे अधिक. ज्याने तलावाच्या वरच्या अंगास चार बांध्या काढल्या त्यास मी चोर म्हणणार नाही. तथापि त्या दिवसापासून जुना क्रम उलटा झाला. रान, पाणी, शेत हा क्रम जाऊन शेत, पाणी, शेत असा क्रम आला, आणि वरच्या शेतातील जे काही वाहून जाई ते तलावात येऊन मुरू लागले.

हे केवळ शेणखताच्या काळात झाले असते तर त्याचा फारसा उपद्रव झाला नसता. पण त्याच सुमारास रासायनिक खत आले. येथे थोडे अंकगणित करू. जन्मभर फळ्यापुढे उभा राहिलेल्या माणसाची ही खोड आपण सहन करावी. युरियाची गोणी हल्ली ४५ किलोंची येते. तिच्यात शेकडा ४६ नत्र असते, म्हणजे गोणीमागे सुमारे २० किलो नत्र झाले. पाण्यात उभ्या असलेल्या धानाच्या पिकास त्यातील साधारण तिसरा हिस्सा, फार तर पाचांतील दोन हिस्से लागू पडतात. म्हणजे २० किलोंतील सात-आठ किलो पिकाच्या अंगी लागले. उरलेल्यातील काही वायुरूपाने उडून जाते, काही मातीत राहते, आणि काही पाण्याबरोबर बांधीच्या धुऱ्यावरून आणि जमिनीच्या पोटातून ओढ्याकडे निघते. रोवणीनंतर खत दिले आणि रात्री मुसळधार पाऊस झाला, तर शेतकऱ्याचे पैसे त्याच्या डोळ्यांदेखत वाहून जातात. स्फुरदाची चाल निराळी आहे. ते मातीच्या कणास चिकटून असते. माती वाहिली तरच ते वाहते.

हे पोषण शेतात धानाचे असते, तलावात ते दुसऱ्यांचे होते. पाण्यावर हिरवा तवंग येतो. शेवाळ वाढते, मरते, कुजते, आणि कुजताना पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकते. मग मासे पहाटे पृष्ठभागावर तोंडे उघडून येतात. जलपर्णी तर अशा पाण्याची लाडकी आहे; अनुकूल पाण्यात ती दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. उथळ काठावर बेशरम नावाचे परदेशी झुडूप माजते. त्याचे नाव ज्याने ठेवले त्याची बुद्धी वाखाणण्यासारखी आहे. तोडा, टाका, ते तेथेच पुन्हा फुटते. जेथे बेशरम दाटते तेथे देवधान उरत नाही, जेथे देवधान व पाणगवत नाही तेथे मासळीस अंडी घालण्यास जागा उरत नाही, आणि जेथे मरळ मिळत नाही तेथे ढीवराने काय खावे? या जिल्ह्यात तलावाच्या पाण्याची नासाडी प्रथम शेतकऱ्यास जाणवत नाही. त्याच्या धानास ते पाणी चालते. ती प्रथम जाणवते त्या माणसास, ज्याच्या नावे बहुधा एक गुंठाही जमीन नसते.

आता रानाचा जो गुण आपल्या लोकांनी अनुभवाने जाणला, त्याची मोजणी दूर देशी कशी झाली ते सांगतो. अमेरिकेत मेरीलँड प्रांतात चेसापीक नावाची मोठी खाडी आहे. तिला मिळणाऱ्या ऱ्होड नदीच्या खोऱ्यात मक्याची शेते आणि ओढा यांच्या मध्ये नैसर्गिक रानाचा पट्टा होता. पीटरजॉन व कॉरेल या दोन शास्त्रज्ञांनी शेतातून निघणारे पाणी आणि रान ओलांडून ओढ्यात येणारे पाणी वर्षभर तपासले व आपले निष्कर्ष १९८४ साली प्रसिद्ध केले. रानात जेवढे नत्र शिरले त्यातील शेकडा ८९ रानाने रोखून धरले. स्फुरदातील शेकडा ८० रोखले. पट्ट्याची रुंदी होती सुमारे ५० मीटर.

हे कसे घडते? नत्र पाण्यात विरघळून जमिनीखालून चालते. ओढ्याच्या काठी ते झाडांच्या मुळांच्या टापूत येते. काही मुळे पिऊन टाकतात. त्याहून मोठे काम डोळ्यांस न दिसणारे सूक्ष्म जंतू करतात. काठची माती सदा ओली, तिच्यात हवा थोडी, आणि पडलेल्या पानांचा कुजका अंश भरपूर. अशा मातीत राहणारे जंतू त्या नत्राचा वायू करून त्यास आकाशात परत पाठवितात. आपल्या भोवतालच्या हवेत चार पंचमांश हाच निरुपद्रवी वायू आहे. स्फुरदाचे काम पाचोळा करतो. वाहती माती पाचोळ्यात व गवतात अडकते, कण खाली बसतात आणि त्यांबरोबर स्फुरद बसते. मात्र ते उडून जात नाही, साठतच राहते. म्हणून काठावर नुसती झाडे लावून भागत नाही. मधून मधून तेथील गवत कापून न्यावे, लाकूडफाटा काढावा, साठलेला गाळ शेतात परत टाकावा. पूर्वी उन्हाळ्यात तलावातील गाळ गाड्या भरभरून शेतात नेत. त्याने तलाव खोल होई आणि शेतातून निसटलेले धन शेतात परत येई. २०१७ साली राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना निघाली ती याच जुन्या वाटेने गेली. तिच्यात एवढेच पाहावयास हवे की यंत्राने गाळ उपसताना उथळ काठ सरसकट खरवडला जाऊ नये. गाडीवान फावड्याने जेथे थांबे तेथे यंत्र थांबत नाही.

एक अडचण येथेच सांगितली पाहिजे. पट्ट्यातून पाणी पसरून गेले तरच पट्टा काम करतो. शेतकऱ्याने शेताच्या कोपऱ्यातून चर खणून पाणी थेट ओढ्यात सोडले, तर दोन्ही बाजूंस कितीही घनदाट झाडी असो, पाणी तिच्याकडे ढुंकूनही न पाहता निघून जाते.

आता प्रश्न जमिनीचा. ओढ्याच्या दोन्ही काठांस दहा-दहा मीटरचा पट्टा सोडावयाचा म्हटले, तर ओढ्याच्या एका किलोमीटरामागे दोन हेक्टर जमीन लागते. एखाद्याच्या शेताची शंभर मीटर बाजू ओढ्यास लागून असेल, तर त्याचे दहा गुंठे गेले. मोठ्या जमीनदारास दहा गुंठे म्हणजे काहीच नव्हे. पण ज्याचे सारे शेतच दोन एकर आहे, त्याचा तो आठवा हिस्सा झाला. त्याने तो का द्यावा? खालच्या तलावात मासळी वाढावी म्हणून? शहरातील माणूस येथे ‘पर्यावरण’ हा शब्द उच्चारून मोकळा होतो. गोंड राजाने तसे केले नाही. ज्याने पाण्यासाठी काही केले त्यास त्याने मोबदला दिला. त्याच्या कारभारात आमच्या आजच्या कारभाराने शिकण्यासारखे जर काही असेल तर ते हेच.

सुदैवाने या जिल्ह्यात काठच्या झाडास स्वतःचे मोल आहे. आपण कोशाचे कापड पाहिले असेल. मोहाडी तालुक्यातील आंधळगावचे कोशाचे विणकाम प्रसिद्ध आहे. हा कोसा तुतीवरच्या किड्याचा नव्हे. तो येन आणि अर्जुन या झाडांच्या पानांवर वाढणाऱ्या किड्याचा, आणि ते किडे राखण्याचा धंदा परंपरेने ढीवर लोक करीत आले आहेत. अर्जुन हे तर मूळचेच ओढ्याकाठचे झाड. मुळे पाण्यापाशी, बुंधा पुरास न डगमगणारा. चार-पाच वर्षांत त्यावर किडे सोडता येतात. म्हणजे जो माणूस तलावात मासे धरतो, त्याच माणसाचा दुसरा धंदा ज्या झाडावर चालतो, तेच झाड तलावाचे पाणी राखते. शेतकऱ्याच्या दहा गुंठ्यांत अर्जुन असला, त्यावर कोसा राखण्याचा हक्क ढीवरास ठराविक मोबदल्याने मिळाला, तर तो सौदा दोघांस परवडेल असे मला वाटते. करंजाचे बी, जांभळे, बांबू हे वेगळेच. यात फवारणीची अडचण आहे हे मी जाणतो; धानावरील औषध वाऱ्याने अर्जुनावर गेले की कोशाचे किडे मरतात. म्हणूनच हा सौदा कागदावर दिसतो तितका सोपा नाही.

काठ सुधारण्याचे काम प्रत्यक्ष झाल्याचे उदाहरण आपल्याकडे आहे. ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ’ या संस्थेने ढीवर लोकांस बरोबर घेऊन काही तलावांत बेशरम मुळासकट काढली आणि तेथे देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. कोणती वनस्पती कोणत्या खोलीस रुजते, कोणता मासा कोणत्या गवतात अंडी घालतो, हे ज्ञान त्यांनी ग्रंथांतून नव्हे, तर वृद्ध ढीवर स्त्री-पुरुषांकडून मिळविले. या कामात ढीवर स्त्रियांचा वाटा मोठा आहे. मी आयुष्यभर ज्यांच्या मुलांस शिकविले, त्यांच्याच घरी एवढी विद्या होती आणि ती आमच्या एकाही क्रमिक पुस्तकात नव्हती, हे मला नमूद करावेसे वाटते.

तथापि झाडांचा पट्टा काय करू शकत नाही हेही ऐकावे. भंडाऱ्याची जीवनरेखा वैनगंगा. अंभोऱ्यास तिला कन्हान व इतर नद्या मिळतात. पाच नद्यांचा संगम म्हणून ते क्षेत्र पवित्र मानतात, आणि मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ ११८८ साली येथेच सिद्ध झाला अशी विदर्भात श्रद्धा आहे. त्या संगमावर कन्हानेच्या पाण्याबरोबर आज नागपूर शहराचे सांडपाणी येते. ते नाग नदीतून कन्हानेत आणि कन्हानेतून वैनगंगेत उतरते. खाली पवनी तालुक्यात गोसीखुर्दचे धरण. त्याची कोनशिला १९८८ साली पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते बसली. धरण भरले की साठलेले पाणी भंडारा शहरापर्यंत मागे येते. पूर्वी जी घाण पुराबरोबर वाहून जाई ती आता थांबून राहते, आणि जलपर्णीचे रान नदीवर पसरते. नळाने आलेल्या या घाणीस काठच्या दहा मीटर झाडीचा काही उपयोग नाही. तिला शुद्धीकरणाचे कारखानेच हवेत, आणि ते नागपुरातच हवेत. उलट, नागपूरचे पाणी शुद्ध झाले तरी हजारो बांध्यांतून झिरपणाऱ्या युरियास कोणताही कारखाना धरू शकणार नाही. तेथे झाडच पाहिजे. दोन रोग निराळे, दोन औषधे निराळी. एकाचे नाव सांगून दुसऱ्याचे टाळणे हा जो खेळ सभांतून चालतो, त्यापासून सावध राहावे.

शेवटी कायद्याची एक गोष्ट सांगावयाची राहिली. १९५१ साली रान, पाणी व शेत यांची जी फाटाफूट झाली, ती काही अंशी सांधण्याची सोय २००६ सालच्या वनहक्क कायद्यात आहे. त्या कायद्याच्या पाचव्या कलमात, जेथे वनहक्क धारण करणारे लोक आहेत तेथील ग्रामसभेस, रानाबरोबरच लगतचे पाणलोट क्षेत्र व पाण्याचे उगम यांचे रक्षण करण्याचा अधिकार दिलेला आहे. वाजिब-उल-अर्जात जे धन्याच्या नावे होते ते येथे गावाच्या नावे लिहिले गेले. आपल्या व गोंदिया जिल्ह्यांतील काही गावांस सामूहिक वनहक्क मिळालेही आहेत. अशा गावाने आपल्या तलावाच्या येव्याचा नकाशा काढावा, कोणता ओढा कोठून येतो आणि कोठे नागडा झाला आहे ते पाहावे. हे काम शाळेतील सातवीची मुले दोन रविवारांत करतील.

रानाच्या हद्दीखाली खाजगी शेते लागतात, तेथे मात्र तो अधिकार चालत नाही. तेथे सातबारा पाहावा लागतो. त्यात लागवडीस योग्य क्षेत्राखाली एक रकाना असतो, त्याचे नाव ‘पोटखराब’. शेतातून जाणारा नाला, पायवाट, खडक, लागवडीस निरुपयोगी जागा या त्यात जातात. शेतकरी त्या क्षेत्राकडे उसासा टाकून पाहतो, कारण पीक तेथे येत नाही. ओढ्याकाठची जी ओलसर, पाचोळ्याची, मुळांनी विणलेली पट्टी नत्राचा वायू करते आणि स्फुरद अडविते, तिची नोंद आमच्या दप्तरात बहुधा याच रकान्यात सापडते. अर्जुनाची पहिली रोपे लावावयाची झाली तर ती तेथे लावावीत. मृगाचा पाऊस पडून जमीन भिजली की खड्डे घ्यावेत, आणि पहिली दोन वर्षे बकऱ्यांपासून राखावीत.